कॅप्टन गायबचं चिलखत

आमच्या घरात एक वाक्य आहे, ते कुणी उच्चारलं की पुढचे आठ दिवस गेलेच म्हणून समजा. "त्यात काय एवढं, घरीच करू." या खेपेला ते मी उच्चारलं, आणि तेही भाच्यासमोर.

भाचा सात वर्षांचा आहे. जगाने तयार करून ठेवलेले सुपरहीरो त्याला चालत नाहीत. त्याचा स्वतःचा आहे, कॅप्टन गायब. शक्ती एकच, दिसेनासं होणं.

"अरे, जो दिसतच नाही त्याला पोशाख कशाला हवा?" मी विचारलं.

"अगं आत्या, आधी दिसला तरच नंतर गायब होईल ना!"

यावर काय बोलणार? बॅटमन असता तर समोर चित्र तरी ठेवता आलं असतं. १९३९ सालापासून त्याच्या डोक्यावर दोन टोकदार कान आहेत, त्यात वाद नाही. कॅप्टन गायबचं चित्र मात्र फक्त भाच्याच्या डोक्यात, आणि तिथेही ते रोज बदलायचं. मी आधी सोपी वाट काढून पाहिली. सुपरमॅन १९३८ साली आला तो घट्ट विजार आणि वरून चड्डी अशा थाटात. सर्कशीतल्या पहिलवानांचाच वेष तो. आपणही तेच करू, पाठीला चादर बांधू, दहा मिनिटांत मोकळे!

"चड्डी वरून? सगळे हसतील मला."

"तू दिसणारच नाहीस कुणाला."

"सुरुवातीला दिसेन."

तर चिलखत ठरलं. फोमचं. हा फोम म्हणजे उशीतला नव्हे. लहान मुलांच्या खोलीत कोड्यासारख्या एकमेकांत अडकवतात त्या चटया ज्याच्या असतात, तो. पूर्ण नाव इथिलिन व्हायनिल ॲसिटेट, लाडाने इव्हीए. हलका, वाकणारा आणि दिसायला अत्यंत गरीब. त्याच्या गरीब दिसण्यावर जाऊ नये.

पहिलं काम माप घेण्याचं. त्याची एक युक्ती आहे. अंगावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, त्यावर कागदी चिकटपट्टीचे थर द्यायचे, जोड कुठे येणार त्या रेघा मारायच्या, रेघांवर आडव्या खुणा करायच्या आणि मग बोथट टोकाच्या कात्रीने ती अख्खी साल सोडवून काढायची. सपाट पसरली की झाला नमुना. युक्ती उत्तम, पण तिच्या आत माणूस स्थिर उभा असावा लागतो. आमच्या माणसाला बगलेत गुदगुल्या होत होत्या. शिवाय मी छातीवर पट्टी लावायला घेतली की तो दम भरून छाती फुगवायचा. कॅप्टनची छाती आहे, बारीक कशी चालेल? मी दुर्लक्ष केलं. त्याची किंमत पुढे मोजली.

नमुना अर्ध्या अंगाचा कापायचा आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी उलटा करून ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. रात्री साडेअकराला मात्र ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे कॅप्टन गायबला दोन डावे खांदे मिळाले. फोमवर ब्लेड विलक्षण लवकर बोथट होतं, हेही त्याच रात्री कळलं. पहिल्या खांद्याची कड लोण्यासारखी कापली गेली आणि दुसऱ्याची उंदराने कुरतडल्यासारखी. नवं ब्लेड लावून तिसरा खांदा कापला. तोही डावा.

सकाळी चहा घेता घेता वहिनीने तो नुसता उलटा धरला आणि म्हणाली, "हा उजवा नाही का होत?" होत होता. फोमच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. मी काही बोलले नाही.

मग तापवणं. गरम हवेची बंदूक फिरवली की फोमची बारीक छिद्रं मिटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चकाकी येते. तेव्हाच तो हवा तसा वाकवायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा, म्हणजे त्याच आकारात राहतो. मी पोटाचा तुकडा वहिनीच्या मोठ्या पातेल्यावर दाबून धरला. आकार सुरेख आला, अगदी पातेल्याच्या काठासकट. कॅप्टनच्या कमरेभोवती ती कड पट्ट्यासारखी दिसू लागली आणि भाच्याने ती लगेच मंजूर केली. "हे गायब व्हायचं बटण." पातेलं परत मागायची सोय राहिली नाही, कारण दुसऱ्या बाजूचं बटण अजून व्हायचं होतं.

खरा कसोटीचा क्षण गोंदाचा. चपलांचे तळ चिकटवतात तो पिवळा गोंद. दोन्ही कडांना लावायचा आणि चक्क वाळू द्यायचा. बोटाला ओला लागेनासा झाला की कडा एकमेकींवर टेकवायच्या. टेकल्या की संपलं, सरकवासरकवी नाही. चिकटवण्यासाठी आधी वाळवायचं, हे माझ्या घाईच्या स्वभावाला पटणं शक्यच नव्हतं. वासाने डोकं चढू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या, खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि वाऱ्याने ते वर्तमानपत्र उडून नेमकं छातीच्या आतल्या कडेवर बसलं. ओढून फाडलं, तरी थोडं राहिलंच. आजही त्या चिलखतात डोकं घालून पाहिलं तर माझ्या राशीचं भविष्य वाचता येतं. "नवीन कामात हात घालू नये."

उरलेल्या तुकड्यांतून मुखवटा झाला आणि मुखवट्याला मिशी हवी, असा हुकूम निघाला. झुपकेदार. मी ती नीट बसते का हे पाहायला स्वतःच्या ओठांवर धरली, तेवढ्यात दादा आत आला. "चला," तो म्हणाला, "आत्याबाईला मिशा आल्या. आता काका म्हणायला हरकत नाही." तीस वर्षं तो या म्हणीला जागा शोधत होता.

रंग कुठला? "पारदर्शक." वाटाघाटी होऊन चंदेरीवर तडजोड झाली. फोम रंग पिऊन टाकतो म्हणून आधी पांढऱ्या गोंदात पाणी घालून दोन-तीन हात मारले, मग रंग. चौथ्या रात्री दीड वाजता चिलखत टेबलावर उभं होतं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं. दोन्ही खांदे वेगवेगळे होते. मी दिवा बंद करून परत लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून बसवलं. कॅप्टन आला. फुगवलेल्या छातीच्या मापाचं ते चिलखत आता साध्या श्वासावर हिंदकळत होतं, दारातून त्याला आडवं होऊन यावं लागलं आणि पाठीवरच्या सात वेल्क्रोंपैकी एकेक खर्रर्र करत सुटत होता. मी पुन्हा दाबून बसवले. मग मी जरा मागे सरले. चार रात्रींच्या कष्टांचं कुणीतरी कौतुक करावं, एवढीच अपेक्षा होती. वहिनीने तोंड उघडलं, तोच कॅप्टनने कमरेवरचं बटण दाबलं.

"गायब!"

नियम कडक होते. आता त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं तर खेळ मोडला. दादा भिंतीकडे बघून म्हणाला, "अरे, कुठे गेला?" वहिनीने मान फिरवून पडद्याला विचारलं. मीही छताकडे पाहत राहिले. खोलीच्या मधोमध एक चंदेरी पिंप खरखरत हिंडत होतं आणि ते घडवणारी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहू शकत नव्हते. बसता येत नसल्यामुळे ते पिंप थकून माझ्या खुर्चीला टेकलं. पाच मिनिटं शांतता.

मग हवेतून बारीक आवाज आला, "आत्या, शू लागली."

"कोण बोलतंय?" मी छताला विचारलं.

"आत्या, लवकर!"

मी सातही वेल्क्रो चाचपडत शोधले. बघायचं नव्हतं ना.