डिकॅलखालची हवा : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

छोट्या मॉडेल विमानांवर डिकॅल, म्हणजे पातळ पारदर्शक फिल्मवर छापलेली आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, कशी लावायची या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डिकॅल लावण्याआधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या, हा माझा सल्ला म्हणजे 'वेळखाऊ सोवळं' आहे, मॅट (चमक नसलेल्या) रंगावर भरपूर सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रावण) ओतला की काम भागतं, आणि माझं ऐकून केलेलं विमान मात्र सुरकुत्यांनी वाया गेलं, असे तुमचे तीन मुद्दे. शेवटच्यात चूक माझी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मायक्रो सोल हा सॉफ्टनर लावल्यावर पाच-दहा मिनिटांत डिकॅल भिजलेल्या कागदासारखं चुरगळतं, हे मी लिहायलाच विसरलो. ते चुरगळणं अपेक्षितच असतं. फिल्म मऊ होते, फुगते आणि वाळता वाळता ताणली जाऊन पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचांमध्ये) बसते. त्या वेळात हात लावायचा नाही. मी स्वतः १/७२ प्रमाणातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखावरचा लाल-निळा गोल असाच घालवलाय. एक सुरकुती बोटाने दाबायला गेलो, अर्धा निळा रंग बोटावर आला. तुम्हीही कुंचल्याने 'नीट करायला' गेलात, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

दुसरी चूक : ग्लॉस कोट अर्ध्या तासात वाळतो, असं मी लिहिलं होतं. हाताला कोरडा लागतो, एवढंच खरं. आतून कच्चा असलेला थर सॉफ्टनरने मऊ पडतो. अ‍ॅक्रिलिक असला तरी रात्रभर थांबा, इनॅमल असेल तर त्याहून जास्त. लेखात दुरुस्ती करतो.

पण मॅटवर सॉफ्टनर ओतण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. मॅट रंग मॅट दिसतो तोच मुळी पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे. फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खड्ड्यांत हवा अडकते. मग फिल्म आणि हवेच्या सीमेवरून प्रकाश परततो आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसू लागतो. घासलेली काच पाण्याने ओली केली की आरपार दिसते आणि वाळली की पुन्हा धुरकट होते, तसाच हा प्रकार. म्हणूनच तुमचं डिकॅल ओलं असताना झकास दिसलं आणि सकाळी चंदेरी झालं. सॉफ्टनर फिल्म वाकवतो, पण खाली कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवीच. ग्लॉस कोटने ते खड्डे आधीच बुजतात. गरज चकाकीची नाही, गुळगुळीतपणाची आहे. तुमचा रंग मुळात तुकतुकीत बसला असेल, तर सॅटिनवरही (अर्धवट चमकदार थरावरही) निभावतं. तेवढ्यापुरतं सोवळं मी सोडायला तयार आहे!

कोटाने पॅनेल लाइन बुजतात, ही तक्रार खरी, पण ती जाड थराची. दोन पातळ हात द्या.

निळ्या लेबलची बाटली म्हणजे मायक्रो सेट (डिकॅल चिकटायला मदत करणारं द्रावण), ती डिकॅलच्या खाली. लाल लेबलची मायक्रो सोल, ती वरून. तुम्ही लालच खाली ओतलीत की काय, अशी शंका येते. तसं केलं तर जागेवर सरकवायच्या आतच फिल्म लुळी पडते. आणि सॉफ्टनर कुठलाही असो, शीटवरच्या न लागणाऱ्या एखाद्या चिन्हावर आधी करून बघा. काही डिकॅल त्यात चक्क विरघळतात.

ते विमान अजून टाकलं नसेल तर थांबा. चंदेरी भागावर बारीक सुईने टोचे मारा, वर थोडा सोल लावा. तो टोच्यांतून आत झिरपतो आणि हवा बाहेर येते. एका वेळी जमलं नाही तर पूर्ण वाळू देऊन परत करा, मला तीनदा करावं लागलंय. फाटलेला भाग मात्र रंगानेच भरावा लागेल. शेवटी मॅट कोट मारलात की टोचे सहसा दिसत नाहीत.