वेदीवर थापी, कोयता आणि लॅपटॉप

१ मेच्या, म्हणजे कामगार दिनाच्या, मिस्साची (चर्चमधल्या पवित्र उपासनेची) मीटिंग बसली की पहिला प्रश्न ठरलेला: अर्पणाला काय काय न्यायचं? गवंड्याची थापी, वाडीतला कोयता, नर्सचा स्टेथोस्कोप, आयटीवाल्या पोराचा लॅपटॉप. एकेक वस्तू पुढे जाते, माईकवरून तिचा अर्थ वाचला जातो, फादर ती हातात घेतात, वेदीसेवक बाजूच्या टेबलावर ठेवतो. शेवटचं गीत संपायच्या आत लॅपटॉपचा मालक सॅक्रिस्टीच्या (चर्चमधल्या तयारीच्या खोलीच्या) दाराशी उभा.

स्पष्ट सांगतो, हे बंद करूया. जे तासाभरात परत घरी न्यायचं, ते अर्पण कसलं? मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचना वाचा, क्रमांक ७३. भाकर, द्राक्षारस आणि गरिबांसाठी किंवा चर्चसाठी दिलेलं दान, एवढंच तिथे आहे. दानसुद्धा वेदीवर नाही, वेदीपासून बाजूला ठेवायचं. थापीचा उल्लेख नाही, कारण गरजच नाही. फादर भाकर उचलून जी प्रार्थना म्हणतात तिच्यात दोन गोष्टी येतात: जमिनीने दिलेलं, आणि माणसाच्या हातांनी घडवलेलं. काम आधीच वेदीवर पोहोचलेलं असतं. आपलं तिकडे लक्ष नसतं, इतकंच.

ती भाकर, म्हणजे होस्ट, बनते कशी हे किती जणांनी पाहिलंय? गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, यीस्ट नाही. (ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पूर्ण काढलेली होस्ट चालत नाही, कमी ग्लुटेनची चालते. सीलिअ‍ॅकचा म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा त्रास असणाऱ्यांनी फादरांना आधी सांगून ठेवावं.) पीठ सैलसर कालवतात, गुठळी राहिली की तिथे भोक पडतं. तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये ओतून दाबलं की थोड्या वेळात पापडासारखा पातळ पत्रा निघतो. तो लगेच कापायला घेतला तर तडकतो आणि निम्मा चुरा होतो. म्हणून आधी दमट जागी ठेवून नरम करतात, मग गोल कापतात. दमटपणा जास्त झाला तर कडा चिकटतात आणि पावसाळ्यात डब्यात बुरशी धरते. किती दमट पुरे, हे बोटांना कळतं, पुस्तकात सापडत नाही. त्या रुपयाएवढ्या चकतीत नांगर आला, गिरणी आली, ट्रकवाला आला, पाट्यांपाशी घाम पुसत उभी असलेली सिस्टर आली. थापीला वेगळं तिकीट काढायला नको.

आता सॅक्रिस्टीत या. 'कामातली आध्यात्मिकता' या विषयावर रिट्रीट, म्हणजे चिंतन शिबिर, ठेवतो आपण, फॅनखाली बसून. खरं शिक्षण वीस पावलांवर चाललेलं असतं. वेदीवर पसरायचं कापड, कॉर्पोरल, आतल्या बाजूला तीन पट्ट्यांत आणि मग आडवं पुन्हा तीन पट्ट्यांत दुमडायचं, नऊ चौकोन झाले पाहिजेत. आत का? पवित्र भाकरीचा कण राहिला असेल तर तो आतच राहावा म्हणून. म्हणूनच ते झटकायचं नसतं. त्याला खळ चालते. चषक पुसायच्या प्युरिफिकेटरला मात्र खळ लावली की कापड पाणी शोषत नाही, नुसतं फिरत राहतं. दोन्ही आधी हाताने धुवायची, आणि ते पहिलं पाणी मोरीत जात नाही. ते जमिनीत जिरणाऱ्या खास कुंडात ओततात. कुंड नसेल तर पाय पडणार नाही अशा जागी मातीत. दुसरं धुणं मग नेहमीसारखं, साबणाने. डाग उरलेला असताना इस्त्री फिरवली की तो पक्का बसतो.

टॅबरनॅकलजवळचा (पवित्र भाकर ठेवायच्या पेटीजवळचा) दिवा अखंड तेवला पाहिजे, हा नियम. तेल नारळाचं घातलं असेल तर डिसेंबर-जानेवारीत फजिती होते. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं, वातीला तेल चढत नाही आणि पहाटे दिवा विझलेला सापडतो. त्या दिवसांत मेण किंवा दुसरं तेल घेतात. यातलं काही बाकांवर बसलेल्याला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर इतकी धडपड.

१ मेचा सण आला कुठून? कामगार दिनाला चर्चचा जोड द्यावा म्हणून १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी तो श्रमिक संत जोसेफच्या नावे केला. जोसेफच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एक शब्द नाही. माईकवरून अर्थ वाचणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुढे १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामावर अख्खं परिपत्रक लिहिलं. तरुणपणी, नाझी राजवटीत, ते दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबले होते. त्यांचा मुद्दा साधा: कामाची किंमत आधी ते करणाऱ्या माणसावरून ठरते, कामाच्या प्रकारावरून नंतर.

सकाळची अर्पण प्रार्थना करा, दुपारची आंजेलस प्रार्थनेची घंटा ऐकून हात थांबवा, चांगलंच आहे. पण पालेभाजीची जुडी बांधताना पिवळी पानं आत आणि हिरवी बाहेर गेली, तर दादरला उतरल्यावर ती प्रार्थना कोणाच्या पिशवीत जाते?

आणि हा प्रश्न नुसता शेतकऱ्याला नको. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याचं १२८६ वं कलम चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना सांगतं की नोकर ठेवताना देशाचे कामगार कायदे काटेकोर पाळा, आणि त्यांना स्वतःच्या व घरच्यांच्या गरजा नीट भागतील असं न्याय्य वेतन द्या. प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आर्थिक समिती असलीच पाहिजे, हेही त्याच कायद्यात, कलम ५३७. तेव्हा यंदाच्या मीटिंगमध्ये वस्तूंची यादी करण्याआधी समितीकडून एक कागद मागवा. घंटा वाजवणारे, झाडलोट करणाऱ्या मावशी, कबरस्तान सांभाळणारे, रात्रीचे रखवालदार: पगार किती, शेवटचा कधी वाढला, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. रविवारी तर ती मिळणं शक्यच नाही.