‘मुलांना मोकळं सोडू नका’ म्हणणाऱ्या वाहनचालकांना उत्तर

आमच्या गावच्या रस्त्यावर गतिरोधक हवेत या माझ्या लेखावर ‘एक वाहनचालक’ या नावाने जी प्रतिक्रिया आली तिला तिथेच दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण ते दोन ओळीत बसेना म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्यांचं म्हणणं असं की मांडवा-अलिबाग रस्त्यावर आधीच वैताग असतो त्यात गावकऱ्यांना आता गतिरोधक हवेत, गतिरोधकाने कंबर जाते, रुग्णवाहिका अडकते, पर्यटक कंटाळतो, मला गाडी चालवणाऱ्याचा त्रास कळत नाही, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो, ‘मुलांना रस्त्यावर मोकळं सोडू नका, अपघात आपोआप बंद होतील.’

साहेब, आधी तुमचं एक मान्य करतो. मी लेखात ‘गावभर गतिरोधक टाका’ असं लिहिलं ते रागाच्या भरात लिहिलं आणि चुकलं. बांधकाम खात्याला द्यायच्या आमच्या निवेदनात तीनच जागा आहेत, अंगणवाडी, एसटीचा थांबा आणि देवळाजवळचं वळण. लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मोकळं सोडतात ती गुरं. तुम्ही हा शब्द आमच्या पोरांसाठी वापरलात आणि तो वाचून माझ्या बायकोने मोबाईल बाजूला ठेवला, पुढचं वाचलंच नाही तिने. आमची वाडी रस्त्याच्या या अंगाला आहे, अंगणवाडी, शाळा आणि पाण्याचा नळ त्या अंगाला, म्हणजे रस्ता ओलांडल्याशिवाय आमचा दिवस सुरूच होत नाही. परवा शनिवारी सकाळी मुद्दाम थांब्यावर उभा राहिलो. एक बाई, कमरेवर कळशी, दुसऱ्या हाताने पोराचं मनगट पकडलेलं, हात धरत नाहीत बायका कारण हात निसटतो. डांबरावर पाऊल ठेवलं, मागे घेतलं, परत ठेवलं, परत घेतलं, चौथ्या वेळेला धावत सुटली तेव्हा कळशीतलं निम्मं पाणी त्या पोराच्या डोक्यावर सांडलं. याला मोकळं सोडणं म्हणतात का? तुम्हीच सांगा.

आणि हे पूर्वी असं नव्हतं हो. मी याच रस्त्याने चालत शाळेत गेलो, तेव्हा एसटी येते की नाही हे लांबून आवाजावरून कळायचं. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि गाड्या थेट बोटीतून उतरायला लागल्या, मग जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. त्याबद्दल तक्रार नाही, आमचे लोक त्यावर पोट भरतात. पण बोट लागली की गाड्यांची अख्खी रांग एकदम सुटते आणि मांडव्यापासून अलिबागपर्यंतचं जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर प्रत्येकाला सगळ्यांच्या आधी कापायचं असतं. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं. तीन वर्षांच्या पोराला हे गणित येत नाही, ते स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला यायला पाहिजे.

मला गाडी चालवणाऱ्याचा त्रास कळत नाही हे मात्र मनाला लागलं. मी ११ वर्षं चोंढी ते अलिबाग मिनीडोअर रिक्षा चालवली आहे, ऊन-पाऊस, गणपती, मे महिना, सगळं. माझी पण कंबर दुखते. त्या ११ वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही कारण वस्ती आली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आणि २०२२ च्या मे महिन्यात माझी आई साईडपट्टीच्याही आत पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसलेली असताना ओव्हरटेक करणाऱ्या एका गाडीने तिला उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, गाडी थांबली नाही. माळा रस्त्यावर पसरलेल्या आणि मागच्या गाड्या त्यांच्यावरून गेल्या. आई आज वॉकर घेऊन चालते, ७१ वर्षांची आहे, तिलाही कोणी मोकळं सोडलं नव्हतं. हे माहीत नसताना तुम्ही लिहिलंत हे मला कळतं, पण माहीत नसेल तर विचारायचं असतं, सरळ ठोकून द्यायचं नसतं.

कंबरेचं म्हणाल तर कंबर जाते ती रातोरात डांबर ओतून केलेल्या उंचवट्यांनी, तसले आम्हालाही नकोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेत गोलाईच्या गतिरोधकाचं माप दिलेलं आहे, ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ ने गेलात तर गाडी आरामात जाते. तो, त्यावर पांढरे पट्टे, आधी फलक आणि रात्री चमकणारे कॅट आय, एवढंच मागतोय. रुग्णवाहिकेचा आणि पर्यटनाचा विषय इथे वाढवत नाही, त्यात काही दम नाही आणि लोकांनी त्यावर आधीच खूप लिहिलंय.

यापुढे नाव घालून लिहा, म्हणजे बोलायला बरं पडतं. शिव्या न देता लिहाल तर मीही नीट उत्तर देईन. निवेदनाची वही अंगणवाडीसमोरच्या दुकानात ठेवली आहे, पुढच्या सोमवारी ती बांधकाम खात्याकडे जाणार, सह्या अजून घेतोय.