“स्प्रिंकलर आहेत ना, मग झालं!”

गोदामवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्लास्टिक कागद-लाकडासारखं पटकन पेटत नाही, माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत असतो, छताला स्प्रिंकलर (उष्णता लागताच आपोआप पाणी फवारणारी तोंडं) असले की पुरे, रॅकमधल्या फटी बुजवल्या की आग वर चढत नाही, आणि प्लास्टिकच्या आगीवर पाणी मारूच नये, शिवाय एक स्प्रिंकलर फुटला की सगळे सुरू होऊन माल नासतो. मजकूर लिहिलाय ठसक्यात, म्हणून पटतो. त्यातल्या पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

“पटकन पेटत नाही.” काडी लावून पाहिली तर जाड क्रेटच्या आधी कागद पेटेल, हे खरं. पण एकदा पेट घेतला की हिशेब पालटतो. एक किलो लाकूड जळताना साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता देतं. एक किलो पॉलिथिन ४३ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ पेट्रोलइतकी. त्यात हे वितळतं, जळते थेंब खालच्या मालावर पडतात आणि रॅकच्या पायथ्याशी पेटतं डबकं साचतं. लाकडाच्या थप्पीत असलं काही होत नाही. ज्वालारोधक मिसळलेलं प्लास्टिक लहानशा ठिणगीला दाद देत नाही, पण शेजारचा रॅक भडकलेला असताना त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

“खोक्यात आहे, म्हणजे सुरक्षित.” खोकं असल्यानसल्याने फरक पडतो, आणि अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं स्प्रिंकलरविषयीचं ‘१३’ हे मानक उघड्या आणि खोक्यातल्या प्लास्टिकसाठी वेगळे निकषही देतं. पण गंमत बघा. सर्वांत धोकादायक गटातल्या, म्हणजे ‘अ’ गटातल्या प्लास्टिकसाठी जो नमुना माल मोठ्या चाचण्यांत जाळतात, तो असतो पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून ठेवलेले पॉलिस्टायरीनचे रिकामे कप. खोक्यातलाच माल! उलटही घडतं. माल धातूचा, पण भोवती थर्माकोल भरपूर. थर्माकोलसारख्या फुगीर प्लास्टिकचं वजन नगण्य असतं, म्हणून ते आकारमानावर मोजतात; एकूण आकारमानाच्या साधारण चौथ्या हिश्श्यापलीकडे गेलं की तो माल प्लास्टिकच्या रांगेत बसतो. बिलावर ‘लोखंडी सुटे भाग’ लिहिलेलं आगीला वाचता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. “स्प्रिंकलर आहेत.” कुठले? कशासाठी आखलेले? एनएफपीएच्या ‘साधारण धोका’ वर्गाच्या दुसऱ्या गटात, म्हणजे मध्यम धोक्याच्या नेहमीच्या जागांसाठी, दर चौरस मीटरला मिनिटाला ८ लिटर या हिशेबाने सुमारे १४० चौरस मीटरवर पाणी धरतात. म्हणजे मिनिटाला अकराशे लिटरच्या आसपास. उंच रॅकमधल्या प्लास्टिकसाठी वापरतात ते ईएसएफआर जातीचे, म्हणजे झटपट उघडून आग लहान असतानाच दाबणारे स्प्रिंकलर. त्यांची आखणी १२ तोंडं एकाच वेळी उघडतील असं धरून होते. प्रचलित आकाराच्या एका तोंडातून मिनिटाला पावणेचारशे लिटर धरले, तर बाराचे साडेचार हजार होतात. वर होजपाइपांचं पाणी, आणि हे सगळं तासभर पुरवायचं. टाकीच तीन लाख लिटरच्या घरात जाते. पंप, पाइप, टाकी यांतलं काहीही न बदलता नुसती छतावरची तोंडं बदलून हे साधत नाही.

आकड्यांइतकाच थेंबाचा आकार महत्त्वाचा. भडकलेल्या प्लास्टिकवरून गरम धुराचा लोट इतक्या जोराने वर येतो की बारीक थेंब वाटेतच वाफ होतात किंवा बाजूला फेकले जातात. ईएसएफआरचे जाड थेंब तो लोट भेदून जळत्या मालापर्यंत पोचतात, तेही आग लहान असतानाच. १९८२ साली पेनसिल्व्हेनियात केमार्ट या दुकानसाखळीचं प्रचंड गोदाम भस्मसात झालं. तिथे स्प्रिंकलर होते. आगीला जोर चढवला तो एरोसोलच्या डब्यांनी, आणि ती आग त्या स्प्रिंकलरांच्या आवाक्यातली नव्हती. जोर प्लास्टिकचा नव्हता, पण धडा हाच.

म्हणून गोदाम पाहताना मी छताआधी जमिनीकडे बघतो: मालाखालचे लाकडी पॅलेट (थप्पी ठेवायचे पाट) जाऊन प्लास्टिकचे आलेत का? एवढ्या एका बदलाने, आत माल तोच असला तरी, धोक्याचा वर्ग एक-दोन पायऱ्या चढतो. खरेदी विभागाने पॅलेट स्वस्तात घेतलेले असतात आणि वरच्या स्प्रिंकलरची आठवण कुणालाच आलेली नसते.

“फटी बुजवा.” कृपा करून बुजवू नका. रॅकमधली साधारण १५० मिलिमीटरची उभी फट धुराड्यासारखी वागते, हे बरोबर. पण त्याच वाटेने उष्णता वर जाऊन स्प्रिंकलर लवकर उघडतो आणि त्याच वाटेने पाणी खाली उतरतं. फट बंद केली की आग आडवी पसरते आणि पाणी वरच्या खोक्यांवरून ओघळून जातं. थप्पीचा माथा आणि ईएसएफआरचं तोंड यांत ९०० मिलिमीटर मोकळे लागतात तेही पाण्याला पसरायला जागा मिळावी म्हणूनच.

“प्लास्टिकवर पाणी नको.” ही तापलेल्या तेलाची उपमा इथे चुकून चिकटली आहे. क्रेट, बाटल्या, दाण्यांची पोती या घन मालाच्या आगीवर पाणीच चालतं. ते ज्वाळेची उष्णता शोषतं आणि शेजारचा न पेटलेला माल भिजवून ठेवतं, हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं. ज्वालाग्राही द्रव भरलेले प्लास्टिकचे कॅन हा मात्र निराळा प्रकार. त्यांना या मालात धरूच नये.

राहिला सगळे स्प्रिंकलर एकदम सुटण्याचा मुद्दा. ही सिनेमाची देणगी. गोदामातल्या नेहमीच्या स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडावर स्वतंत्र काचनळी किंवा वितळजोड (उष्णतेने वितळणारा धातूचा जोड) असतो. लाल द्रवाची नळी साधारण ६८ अंशांना फुटते, आणि फुटते ती ज्या तोंडाखाली उष्णता पोचली तिथलीच. हॉलच्या दुसऱ्या टोकाचा माल कोरडा राहतो.