काश्मीरला जायचं की नाही, मँचेस्टरहून एका सोलापूरकरणीचं मत

पहलगामच्या हल्ल्यापासून आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर जो वाद चाललाय तो अजून मिटलेला नाही. मामा म्हणतात तिकडं आता पाय ठेवायचा नाही, आणि वहिनी म्हणते आपण गेलो नाही तर मारणारे जिंकले की ओ. दोघांचाही राग मला कळतो. २२ एप्रिल २०२५ ला २६ जण मारले, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातले, सुट्टीला गेलेली साधी माणसं. पण जाणं न जाणं हीच देशप्रेमाची परीक्षा करून टाकलीय ते मला बिलकुल पटत नाही.

इथं मँचेस्टरला मे २०१७ मध्ये अरीनात, म्हणजे मोठ्या कार्यक्रमांच्या हॉलमध्ये, बॉम्बस्फोट झाला, २२ जण गेले. इथले लोक घाबरत नाहीत असं अजिबात नाही, पण ट्रिप ठरवताना ते आधी बघतात सरकारचा सल्ला काय आहे, कारण परराष्ट्र खात्यानं जाऊ नका म्हटलं की बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाहीत आणि मग टूर कंपन्याही माणसं न्यायचं थांबवतात. जून २०१५ मध्ये ट्युनिशियात सूसच्या बीचवर ३८ जण मारले, त्यातले ३० ब्रिटिश, दोन आठवड्यांत सल्ला बदलून जाऊ नका असा झाला आणि जुलै २०१७ पर्यंत तसाच राहिला. इजिप्तच्या शर्म अल शेखला जाणारी ब्रिटनची विमानं नोव्हेंबर २०१५ ला थांबली, बंदी उठली ती थेट २०१९ मध्ये. एवढी वर्षं तिथल्या वेटरनं, ड्रायव्हरनं घर कसं चालवायचं?

काश्मीरबद्दल इथला सल्ला तर पहलगामच्या कितीतरी आधीपासून जाऊ नका असाच आहे, श्रीनगर, गुलमर्ग सगळं धरून. म्हणजे तिथला सीझन मुख्यतः आपल्याच लोकांवर चालतो. मामा नाही म्हणतात तेव्हा त्याचा फटका बंदूकवाल्याला बसत नाही, घोडेवाल्याला बसतो, आणि त्या दिवशी मेलेल्यांत तिथलाच एक घोडेवाला होता हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. सोलापूरला हे कळायला पाहिजे, आपले टॉवेल हॉटेलांना जातात, रूम रिकाम्या राहिल्या की कारखान्यातल्या माणसाचंही काम कमी होतं.

तरी वहिनीला, काहीही होवो तू जाच, असं मी म्हणणार नाही, बरोबर पोरं आहेत, आत्या आहेत. हल्ल्यानंतर तिथली ८७ पैकी ४८ ठिकाणं बंद केली, मग टप्प्याटप्प्यानं उघडायला लागले. सुरक्षेत चूक झाली हे नायब राज्यपाल मनोज सिन्हांनी जुलै २०२५ मध्ये मान्य केलं, ते बरं झालं, पण आता कुठल्या ठिकाणी काय बंदोबस्त आहे ते पर्यटकाला आधीच कळलं पाहिजे ना? ग्रुपवर भांडण्यापेक्षा हे मागा.

आणि वहिनी, टूरवाल्याकडून लेखी घे, ठिकाण ऐनवेळी बंद झालं तर पैसे किती परत मिळणार आणि पॉलिसीत दहशतवादी हल्ला कव्हर आहे का. नीट उत्तर आलं तर जा, मामांनी अडवू नये.