सही करायच्या आधी तो कागद एकदा वकिलाला दाखवा

मागच्या महिन्यात माझी मावसबहीण घरी आली, पर्समधनं प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद काढला आणि म्हणाली, ताई हा माझा घटस्फोटाचा कागद, एक स्थळ आलंय त्यांना झेरॉक्स द्यायचीय, बघ ना नीट आहे का. १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, दोघांचे फोटो, नोटरीचा गोल लाल शिक्का, दोन साक्षीदार. "आजपासून आमचा पती-पत्नी म्हणून संबंध राहिला नाही. मुलगी आईकडे राहील, आई कधीही पोटगी मागणार नाही." तीन वर्षं तिने तो कागद घडी मोडू न देता जपला होता.

माझ्या पोटात गोळाच आला, कारण हा घटस्फोट नाहीये. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात कोर्टाची डिक्री, म्हणजे लग्न मोडल्याचा कोर्टाचा हुकूम लागतो, नोटरी फक्त सह्या कुणाच्या ते बघतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कायदा ती मानतोही, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. म्हणजे ही अजून लग्नाचीच बायको, आणि दुसरं लग्न लागलं असतं तर ते रद्दबातल ठरलं असतं, वर ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. हे तिला तीन वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नाही, ज्याने पैसे घेऊन कागद टाईप करून दिला त्याने तर नाहीच.

वकिलाकडे का नाही गेलीस विचारलं तर म्हणाली, फी कुठनं आणू. हेच ऐकून मला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणून हे लिहितेय. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ आहे, त्यात बाईला आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषांनाही मिळतो, पण बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागते. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, फोन करायचा तर १५१००. आम्ही गेलो, तिथल्या मॅडमनी फॉर्म भरून घेतला, आधार, लग्नपत्रिका, मुलीचा जन्मदाखला जोडला आणि पॅनेलवरचा वकील मिळाला. या वकिलाने तुमच्याकडनं पैसे मागायचे नसतात, मागितले किंवा केसकडे लक्षच देत नसेल तर तिथेच लेखी तक्रार करा, वकील बदलून मागता येतो. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ असं लोक म्हणतात, आमच्या वकीलबाईंनी तो कागद तीनदा वाचला हो.

त्यांनी एक गोष्ट समजावली ती प्रत्येक आईने लक्षात ठेवा. आई स्वतःची पोटगी सोडते असं लिहून देईल, पण मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे, तो आईच्या सहीने जात नाही. माझी बहीण त्या एका ओळीला घाबरून शाळेच्या फीसाठी कर्ज काढत होती. ताब्याचंही तसंच, "मुलगी आईकडे" असं आपसात लिहिलं तरी कोर्ट बांधील नसतं, मुलीचं हित कशात आहे ते कोर्ट बघतं, आणि परिस्थिती बदलली की आदेशही बदलून मागता येतो. वडिलांनी कधी कुठे भेटायचं तेही त्याच आदेशात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दर सुट्टीला भांडण ठरलेलं.

फॅमिली कोर्टात वकील चालतच नाही असंही कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं. १९८४ च्या कायद्यात वकील हक्काने उभा राहू शकत नाही हे खरंय, पण कोर्टाची परवानगी मागता येते, आणि बाहेर सल्ला घ्यायला तर कुणीच अडवत नाही. आणि घरात मारहाण होत असेल तर घटस्फोटाची वाट बघत बसू नका, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण, राहायला घर, मुलांचा तात्पुरता ताबा सगळं मागता येतं, संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात.

आता दोघांच्या संमतीचा अर्ज दाखल केलाय. वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते झालंच होतं. अर्ज केल्यावर मध्ये जे सहा महिने थांबावं लागतं ते कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, तोही अर्ज सोबत दिलाय. त्या स्थळवाल्यांना तिने स्वतः फोन करून सांगितलं की डिक्री हातात येईपर्यंत थांबा, आणि ते थांबलेत.