मानस कुठे आहे ते आधी दाखवा

आज सकाळी भावासोबत फ्लॅट बघायला गेले होते. पत्रकावर सौर दिवे, सायकल ट्रॅक, 'हवामान बदलाला तोंड देणारी हिरवी वसाहत'. समोर बघते तर भातशेतात टिप्पर लाल माती ओततायत. पावसाचं पाणी जाणार कुठे, विचारलं. फ्लॅट दाखवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, पंप आहेत ना."

पंप! वरून पाऊस आणि नदीला भरती, दोन्ही एकाच वेळी आले की पंपाने उपसलेलं पाणी कुठे ओतणार? शेजारच्या वस्तीत?

लहानपणी गोव्यातल्या चोडण बेटावर आजोबा मला मानशीवर न्यायचे. मानस म्हणजे नदी आणि शेत यांच्या मधलं पाण्याचं दार. भरती चढू लागली की तिची लाकडी दारं नदीच्या दाबानं आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची आणि शेतातलं पाणी बाहेर पडायचं. ना वीज, ना मोटर. मी दाराला कान लावायचे. "नदी ढकलतेय बघ, आता थांबायचं," आजोबा म्हणायचे.

खाजन जमीन, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेली शेतं, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. तिथे भराव घातला की पाण्याची जागा गेली, पाणी नाही गेलं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो हो! आणि सडा, म्हणजे आपलं जांभ्या दगडाचं पठार? तो पाऊस पितो म्हणून पायथ्याच्या झरी वाहतात. त्यावर काँक्रीट ओतायचं आणि मग टँकर मागवायचे. चीड येते मला.

घरं हवीत, मान्य. भावाचं लग्न झालंय, भाडं परवडत नाही त्याला. मग बांधा ना! पण आधी व्हाळ (ओढे), तळी, खाजन, झरी नकाशावर आखा, त्या सोडून उरेल तिथे बांधा. काचेच्या भिंती नकोत, उतरतं कौलारू छप्पर, रुंद पडवी, आंगणाला माती राहू द्या. आपल्या जुन्या घरांत हे सगळं होतंच की.

लोक रस्त्यावर उतरले म्हणून गोव्याचा 'प्रादेशिक आराखडा २०११', कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा, २००७ मध्ये रद्द झाला. तेव्हा मी कॉलेजात होते, आम्ही सगळे होतो.

परतताना भाऊ गाडीत गप्पच होता. मग म्हणाला, "आजोबांची मानस अजून आहे का गं?" मला उत्तर देता आलं नाही. कित्येक वर्षांत मी तिकडे फिरकलेच नाही, आणि त्याचं आज फार वाईट वाटतंय.

रविवारी आमची ग्रामसभा आहे. मी एवढंच म्हणणार, या वसाहतीच्या नकाशावर मानस कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. कोण येतंय सोबत?